ऑल्डरकोमची शीव

त्या सोमवारी मी पास्कबाईंकडे गेले ती फक्त तीन पानं परत करायला. आदल्या दिवशीच ती स्वच्छ लिहून काढली होती. फोल्डरमध्ये घातली, फोल्डर स्वेटरच्या आत पोटाशी धरला आणि निघाले. मे महिना संपत आला होता. ऑकलंडच्या दक्षिणेला, या पुकेकोहेत, तेव्हा थंडी सुरू होते, कांद्याची शेतं नांगरून उघडी पडलेली असतात आणि तांबड्या मातीचा ओला वास नाकातून हलत नाही. दुपारचे तीन वाजले होते. जावई हरीश कामावर, चार वर्षांची नात स्वानंदी बालवाडीत, आणि येताना तोच तिला घेऊन येणार होता, साडेपाचला. म्हणजे माझ्या हातात अडीच तास होते. पानं द्यायची, चहा घ्यायचा, परत यायचं.

वेळ मुद्दाम सांगते आहे. म्हातारीला भास झाला असं म्हणायला लोकांना फार आवडतं. मला भास होत नाहीत. मी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि पुढचं सगळं पुण्यातल्या एका छापखान्यात उभ्याने शिकले. खिळे जुळवायचे म्हणजे अक्षरं उलटी वाचायची. बत्तीस वर्षं उलटी वाचली, मराठीही आणि इंग्रजीही, आणि एक काना चुकवला नाही. तेव्हा मी जे पाहिलं ते पाहिलं.

विनिफ्रेड पास्क त्या साली, म्हणजे २००३ साली, ब्याऐंशी वर्षांची होती. आमच्या भाड्याच्या घरामागे एक कांद्याचं शेत, त्यापलीकडे मॅक्रोकार्पा झाडांची उंच काळी रांग, आणि त्या रांगेआड तिचं लाकडी घर आणि दहा एकर कुरण. आमची ओळख झाली ती कोपऱ्यावरच्या डेअरीमुळे. दूध आणायला गेले तर काचेवर चिठ्ठी चिकटवलेली: अवघड हस्ताक्षर वाचू शकेल असं माणूस हवं आहे. मी दुधाची बाटली घेऊन तशीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने माझी साडी पाहिली, मोज्यांवर चढवलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पाहिल्या आणि विचारलं, "इंग्रजी वाचता येतं?"

मी म्हटलं, "येतं. कागद आणा."

तिने आणला. मी वाचून दाखवला आणि त्यातल्या तिच्या दोन चुकाही दाखवल्या. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार ठरले.

ती लिहीत होती तिच्या जन्मगावाचा, ऑल्डरकोम पॅरिशचा, इतिहास-भूगोल. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या ताब्यातला मुलूख. आपलं गाव आणि त्याचं शिवार मिळून जेवढं होईल तेवढं धरा. दक्षिण इंग्लंडमध्ये, खडूच्या टेकड्यांत हे गाव होतं. होतं म्हणायचं, कारण १९४३ साली सैन्याच्या सरावाला जागा हवी म्हणून हुकूम आला: महिन्याभरात गाव रिकामं करा, लढाई संपली की परत या. लोकांनी चुलीतली राख काढली, दारं ओढून घेतली आणि गेले. परत कोणालाच बोलावलं नाही. पास्कबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. नंतर लग्न करून ती इतक्या लांब आली आणि साठ वर्षं ते गाव कागदावर पुन्हा बसवत राहिली. कुठल्या शेताचं नाव काय, कुठला ओढा उन्हाळ्यात आटतो, कोणाच्या परसात अक्रोड होता. विहिरी दोनशे फूट खोल. माती पांढरी, पावसात बुटांना भिजवलेल्या कणकेसारखी चिकटते. मला ऑल्डरकोम पाठ झालं होतं. माझं स्वतःचं पुणं मला एवढं आठवत नव्हतं. आठवू देत नव्हते म्हणा.

तिच्या नवऱ्याने, आर्थरने, मागच्या कुरणात त्या गावाची शीव मांडून ठेवली होती. मैलाला शंभर पावलं या मापाने नऊ काळे दगड, प्रत्येकाच्या डोक्याला चुना, आणि मधोमध चर्चच्या जागी एक उंच दगड. गावात दरवर्षी ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी एका सोमवारी सगळी माणसं शिवेवरून चालायची. हातात वाळुंजाच्या ओल्या काठ्या, आणि प्रत्येक दगडावर काठी मारायची. लहान पोरांना उलटं धरून त्यांचं डोकं दगडाला टेकवायचे, म्हणजे मरेपर्यंत शीव विसरणार नाहीत. शेवटच्या दगडावर काठी पडली की शीव बंद झाली. आतलं ते आत, बाहेरचं ते बाहेर, पुढच्या वर्षापर्यंत. हे दोघं नवराबायको ते इथे करत आले. आर्थर गेल्यावर ती एकटी करायची.

त्या एप्रिलमध्ये तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मी पोचले तेव्हा ती व्हरांड्यात खुर्चीवर होती, मांडीवर घोंगडी, शेजारी चालायची चौकट. वाळुंजाची काठी कठड्याला टेकवून ठेवलेली.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं. पहिल्या पानावर चर्चच्या घंटा होत्या, दुसऱ्यावर मेंढ्यांची वाट. तिसरं पान असं होतं: सन १७९४, फेब्रुवारी. हॅना लव्हलॉक, वय एकोणीस, लग्न न झालेली, दिवस भरलेले. मूल हद्दीत जन्मलं तर त्याला पोसणं गावाच्या अंगावर पडतं, म्हणून गावच्या मोठ्या माणसांनी तिला खटाऱ्यात घालून शिवेबाहेर सोडलं. कळा सुरू झाल्या होत्या. ती शिवेच्या बाहेरून एकेका दगडाशी चालत आली. प्रत्येक दगडाशी काठी घेतलेला एक माणूस उभा होता. प्रत्येकाला तिने एकच विचारलं, आत येऊ का. नवव्या दगडाशी ती सकाळी सापडली. मूल...

मी थांबले.

"काय झालं?" पास्कबाईंनी विचारलं.

"अक्षर लागत नाही."

अक्षर माझंच होतं. तिला ते दिसत होतं.

आता सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते. मला एकच मुलगी, सुचित्रा. तिचा बाप ती तीन वर्षांची असताना गेला आणि तिला मी एकटीने वाढवलं, ताठ मानेने, कोणापुढे हात न पसरता. त्या ताठ मानेचा मला फार अभिमान होता. अठ्ठ्याण्णव साली एका संध्याकाळी ती हरीशला घेऊन दारात आली. चौथा महिना होता, लग्न व्हायचं होतं. वाड्यात, छापखान्यात लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. ती म्हणाली, "आई, आत येऊ का?" स्वतःच्या घरात यायला तिने कधी विचारलं नव्हतं. मी चौकटीवर हात आडवा धरला आणि म्हटलं, "इथे आता तुझं पाऊल पडायचं नाही." आणि दार आपटलं.

त्यांनी लग्न केलं, इकडे आले, स्वानंदी झाली. सुचित्राची चार पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. २००२ साली कामावर असताना तिच्या डोक्यातली एक शीर फुटली आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मग मी विमानात बसले. तिच्या घरात गेले, तिच्या मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाटातल्या हँगरला माझी साडी अडकवली. हरीशने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. कुठेही, कशीही, एकदा तिला सांगायचं होतं, ये.

"शाकू," पास्कबाई म्हणाली. माझं नाव शकु, पण तिला ते तसंच यायचं. "आजचा सोमवार तो सोमवार आहे. मला तेवढं चालवत नाही. तुम्ही चालाल का?"

मी म्हटलं, "नऊ दगडांना काठी मारायची ना? त्यात काय आहे."

"सूर्याबरोबर चाला. इंग्लंडात गाव उजव्या हाताला राहायचं. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून गाव डाव्या हाताला ठेवा. डाव्या, लक्षात राहील?"

"आणि नाही ठेवलं तर?"

तिने घोंगडीची कड नीट केली. "हॅना सूर्याच्या विरुद्ध चालली होती. आपण सूर्याबरोबर चाललो तर ती फक्त समोरून येते आणि ओलांडून जाते. विरुद्ध चाललो तर ती... सोबत चालते. आर्थरने पहिल्या वर्षी चूक केली होती."

"मग काय झालं?"

"त्याने पुन्हा केली नाही," ती म्हणाली आणि चहात दूध मागितलं.

चार वाजून गेले होते. ऊन पिवळं, आडवं पडलेलं. कुरणाच्या खोलगट भागातून धुकं वर यायला लागलं होतं, गुडघ्याएवढं. मी पहिल्या दगडापाशी गेले आणि काठी मारली. ओल्या फांदीचा हिरवट वास आला. थोडं हसूही आलं. सहासष्ट वर्षांची बाई नऊवारी खोचून परक्या देशात परक्या गावाची शीव राखते आहे, ते गावही जागेवर नाही.

आणि चालायला लागले.

चौथ्या दगडावर काठी मारून मान वर केली तेव्हा चर्चचा उंच दगड दिसला. तो माझ्या उजव्या हाताला होता.

साठ वर्षं देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घातलेले पाय माझे. कोणी कितीही सांगितलं तरी मधे काही पवित्र ठेवून फिरायचं म्हटलं की ते तसेच वळणार. माझी सावली पुढे लांब पडली होती. तेव्हाच मागे फिरले असते, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली असती, तर कोण हसणार होतं? पण अर्ध्यावरून मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही. या स्वभावाने माझं काय काय नेलं आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

मी पुढे गेले.

पाचव्या दगडानंतर धुकं कमरेला आलं. घर दिसेना, व्हरांडा दिसेना. पक्षी गप्प झाले. दूर मोटरवेची घरघर असते तिथे, चोवीस तास, ती कानातून निघून गेली आणि ती गेल्यावरच मला कळलं की ती होती. फक्त माझ्या पावलांचा आवाज, ओल्या गवतात. चप... चप...

मग कळलं की पावलं जास्त आहेत.

शिवेच्या बाहेरून, माझ्या डाव्या हाताला, पाचेक फुटांवर कोणी चालत होतं. एक पाऊल पुरतं पडायचं आणि दुसरं गवत ओढत यायचं. चप... सर्र. चप... सर्र.

सुचित्रा सात वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली होती. डावा पाय नीट जुळला नाही. शाळेतून ती जिना चढायला लागली की मी खालच्या पायरीपासून ओळखायची. तो आवाज मी बावीस वर्षं ऐकला आहे. त्यात माझी चूक होणं शक्य नाही.

मान वळवायचा धीर होईना. सहाव्या दगडाला काठी मारली. सातव्याला मारली. मी थांबले की तीही थांबत होती. धुक्यातून एक वास आला, माक्याच्या तेलाचा. मी कढवायचे ते, लोखंडी कढईत, दर दिवाळीआधी. या देशात तो वास कुठून येईल?

आठव्या दगडापाशी ती बोलली. अगदी हळू. पलीकडच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर बोलतात तसं.

"आई..."

मी उभी राहिले.

"आई, आत येऊ का..."

ती गेल्यापासून मी एकच शब्द तोंडात धरून होते. झोपेत म्हणायची, भांडी घासताना म्हणायची, विमानात चौदा तास म्हणत होते. त्या घटकेला तो घशाशी आला. ओठ उघडले होते. आणि तेवढ्यात मला तिच्या मागची पावलं ऐकू आली.

ती एकटी नव्हती. तिच्या मागे एक, त्यामागे दोन, त्यामागे... जड बूट, लहान मुलांची पावलं, काठ्या टेकणारी पावलं. रांगच्या रांग. सगळी थांबलेली, श्वास धरून. मी काय म्हणते याची वाट पाहत. मी खाली पाहिलं. माझ्या जँडल्सना, मोज्यांना, लुगड्याच्या काठाला चिखल लागला होता, घट्ट, भिजवलेल्या कणकेसारखा. पुकेकोहेची माती तांबडी आहे. हा चिखल पांढरा होता.

मी पळाले.

सरळ सांगते, सजवून सांगत नाही. माझी मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती, मला आई म्हणत होती, आणि मी पळाले. समोर नववा दगड दिसला, चुन्याचं डोकं धुक्यावर तरंगत असलेलं. मला फक्त हे थांबायला हवं होतं. पोचता पोचता हात उचलला गेला आणि काठी सगळ्या ताकदीने दगडावर पडली.

एकदम सगळं शांत झालं. मग मोटरवेची घरघर परत आली.

शीव बंद झाली होती. दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा माझ्याच हाताने.

पास्कबाई चौकट धरून व्हरांड्याच्या पायरीपाशी उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मोडक्या खुब्याने आत गेली, गरम पाण्याचा तांब्या आणला आणि कठड्याला धरून माझ्या पायांवर ओतला. पांढरं पाणी फळ्यांच्या फटीतून खाली गेलं. तिचे डोळे त्या पाण्यावरून हलत नव्हते. साठ वर्षांनी ती तिच्या गावची माती पाहत होती.

"तुमचं कोण होतं?" तिने विचारलं.

"मुलगी."

"आत आली?"

"मी शेवटचा दगड मारला."

तिने रिकामा तांब्या कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तसंच उलटं चाला. नववा दगड मारू नका. काठी खाली ठेवा आणि तिला बोलावा."

"आणि मागचे?"

"ते माझे आहेत," ती म्हणाली. "त्यांनाही फार दिवस झाले."

त्या एका वाक्यावर मी हिवाळा काढला. ऑगस्टमध्ये पास्कबाई निमोनियाने गेली. कागद तिच्या भाच्याने खोक्यात भरून नेले आणि कुरण घरं बांधणाऱ्या कोणाला विकलं. मार्चमध्ये खोदायचं यंत्र आलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. वरच्या पोऱ्याला म्हटलं, बाकीचे आठ घेऊन जा, कोपऱ्यावरचा तो दगड दोन महिने तेवढा राहू दे. तो हसला, "स्वीट ॲज, नॅना," म्हणाला, म्हणजे बरं आजी. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ दगड ढिगात पडले होते, आणि कोणता कुठला ते सांगता येत नव्हतं.

मग हरीशला ऑकलंडला नोकरी लागली आणि आम्ही माउंट रॉस्किलला राहायला गेलो. तरी दरवर्षी मे संपताना मी निघायचे. बस धरून ओटाहुहु, तिथून ट्रेनने पुकेकोहे, मग चालत. बाहेरच्या तारेपाशी उभी राहायची, उघडी तांबडी जमीन आणि मोजणीच्या खुंट्या पाहायची, ये म्हणायची आणि परत यायची. कोणी उत्तर दिलं नाही. स्वानंदीला माझं मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. नऊ वर्षांची झाली तेव्हा एकदा बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाली, "आजी, देअर्स नथिंग देअर." मी म्हटलं, "म्हणूनच जाते."

ते २००८ साल. त्या मे महिन्यात गेले तर घरं उभी राहिली होती. सगळी एका साच्यातली, राखाडी, गवताच्या नव्या पट्ट्या लावलेल्या. मॅक्रोकार्पाची रांग तेवढी शिल्लक होती. तिच्यावरून अंदाज घेत कोपऱ्यावर आले. नववा दगड होता तिथे आता एका घराचं फाटक होतं. दार उघडं होतं आणि आतून तव्यावर काही भाजल्याचा वास येत होता. साडेचार झाले असतील, ऊन आडवं पडलं होतं.

दारात एक गुजराती बाई आली. पन्नाशीची, चेहरा दमलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

"कोणाला शोधता, बेन?" तिने हिंदीत विचारलं.

"इथे एक दगड होता."

"दगड नाही पाहिला." मग ती जरा थांबली. "एक बाई यायची पण. आम्ही राहायला आलो तेव्हापासून, रोज या वेळेला. इथे, फाटकाबाहेर. पाय ओढत."

मी फाटक धरलं. "काय म्हणायची...?"

"आत येऊ का म्हणायची. भाषा तुमच्यासारखी, पण तेवढं समजतं ना. आमच्यात दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं, आव बेन, त्यात विचारायचं काय?"

त्यात विचारायचं काय. इतकं सोपं होतं ते. एका अनोळखी बाईने, हातातलं लाटणंही खाली न ठेवता म्हटलं असेल.

"मग?"

"मग आली. मागची पण आली."

"किती जण?"

"मोजले नाहीत. रोज वाढतात." तिने मनगटाने कपाळ पुसलं, तिथे पिठाचा पट्टा उमटला. "मी सकाळपासून लाटते आहे. उरकतच नाही."

आतून माणसांचा आवाज येत होता. खूप माणसं एका खोलीत सरकून बसली की येतो तसा, दबका, सुखाचा. ताटल्या पुढे सरकवल्याचा. आणि त्यात सुचित्राचं हसणं. शेवटी शेवटी ते ऐकायलाच मी विसरले होते, ते नाकातून सुरू होतं आणि मग फुटतं.

मी म्हटलं, "तिला सांगा... तिची आई आली आहे. तिला सांगा, मी चुकले. मला आत घ्या म्हणावं."

बाई आत वळून काहीतरी म्हणाली. सगळे आवाज थांबले. चमचाही वाजला नाही. मग माझ्या मुलीचा आवाज आला, शांत, जेवता जेवता कोणी बोलावं तसा. त्यात राग असता तर मी तो धरून उभी राहिले असते.

"बाहेर आपलं कोणी राहिलं नाही, मावशी. दार लावून घ्या."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं असावं. "थंडी आत येते, बेन," असं पुटपुटली आणि दार लावलं. हळूच, आवाज न करता. मी आपटलं होतं.

मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. ऊन गेलं. निघायचं म्हणून खाली पाहिलं तर पायरीशी पायताणांची रांग होती. आपल्या लोकांच्या दाराबाहेर असते तशी, पण लांबच लांब, भिंतीच्या कडेने पार कोपऱ्यापर्यंत. तळव्यांना खिळे मारलेले जुने जड बूट, बायकांचे बंदांचे जोडे, बोटभर लांबीचे लोकरीचे काहीतरी. सगळे स्वच्छ पुसून ठेवलेले. दाराच्या सगळ्यात जवळ एक निळी जँडलची जोडी, डावी एका बाजूने झिजलेली. तिच्या लगत बाकीची पायताणं सरकवून थोडी जागा मोकळी ठेवली होती, एका जोडीपुरती.

मी माझा पाय तिथे ठेवून पाहिला. तो मावला नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचे बूट राहतील, एवढीच ती जागा होती.